आईच्या शनिवारात अडकलेला किनारा

"गाव एकदा बघते, मग काय ते सांगते." हे आईचं वाक्य आमच्या घरात दोन वर्षं चालू होतं. प्रश्न माझ्या धाकट्या भावाचा असायचा. दानी इस्राएलमध्ये, अश्दोदला राहतो आणि आईने कायमचं आपल्याकडे यावं असं त्याला वाटतं. गाव म्हणजे आईचं जन्मगाव, रायगडच्या दक्षिणेकडच्या खडकाळ किनाऱ्यावरचं. सहा वर्षांची असताना ती तिथून पनवेलला आली ती परत गेलीच नाही, आणि आता अठ्ठ्याहत्तरची आहे. कधी पाऊस, कधी गुडघे, कधी रस्त्याचं काम, असं करत गाव बघणं पुढे ढकललं जात होतं आणि त्याच्याबरोबर उत्तरही.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. पनवेलच्या जुन्या बाजारपेठेत हे कुणाला सांगावं लागत नाही. नव्या टॉवरांत राहायला आलेल्यांना मात्र दोनदा सांगावं लागतं, आणि तरी ते पारशी समजतात. आमची बरीचशी माणसं केव्हाच तिकडे गेली. राहिलेली घरं हाताच्या बोटांवर मोजावीत एवढीच.

माझ्याबद्दल थोडक्यात: नाव रूथ, नोकरी बँकेत, लग्न केलं नाही, आईबरोबर राहते. आईची साखर, आईचे डोळ्यांचे थेंब, गुडघ्यांचा शेक, रात्री दोन-तीनदा उठणं आणि सकाळी काउंटरवर हसरा चेहरा. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे त्यांना यापुढचं सांगायला नको. आई भावाकडे गेली तर बरं, असं मला मनातून वाटत होतं. लिहून टाकलं एकदाचं. असं वाटण्याची लाजही वाटायची, पण लाज वाटायलासुद्धा अंगात थोडी ताकद लागते आणि ती संध्याकाळपर्यंत उरायची नाही.

तर जानेवारीत एक शुक्रवार रजा टाकली. शनिवारी बँक चालू होती, म्हणून एका दिवसात जाऊन यायचं ठरवलं. गाडी आमच्याच आळीतल्या रफिकभाईंची. ते विमानतळाच्या फेऱ्या मारतात, पण आईसाठी म्हणून आले. पहाटे निघायचं, दुपारच्या आत किनारा, जेवण, आणि सूर्य मावळायच्या आत घरी. ही शेवटची अट आईची. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत आमचा शब्बाथ असतो. त्या वेळात आई गाडीत बसत नाही, चूल पेटवत नाही, फोन हातात घेत नाही. मी यातलं फारसं काही पाळत नाही आणि आई त्याबद्दल मला कधी बोलत नाही. पण स्वतःच्या बाबतीत ती तसूभर हलत नाही.

"जमेल ना गं?" तिने आदल्या रात्री विचारलं.

"जमेल," मी म्हणाले.

मुस्लिम ड्रायव्हर, यहुदी आई आणि प्रवासाला शुक्रवार. बँकेत सगळा जन्म आकडेमोडीत गेला, पण एवढी साधी बेरीज मला घरी बसून करता आली नाही. तुम्ही जाणार असाल तर दुसऱ्या कुठल्याही वारी जा.

पळस्पे फाट्यावर उजाडतानाच ट्रकांची रांग लागली होती. गोव्याच्या रस्त्याचं काम किती वर्षं चाललंय हे मी सांगायला नको. कुठे छान काँक्रीट लागतं, गाडी जरा वेग घेते, लगेच एक पिवळा पत्रा आडवा येतो आणि आपण पुन्हा बाजूच्या खड्ड्यांत उतरतो. पेणच्या पुढे आईने डोळे मिटले. मला वाटलं झोपली. थोड्या वेळाने म्हणाली, "आम्ही आलो तेव्हा लाँचने आलो होतो. लागली होती मला. सबंध वाट ओकत होते." जन्मगावाची एवढी एकच आठवण तिने सबंध रस्त्यात सांगितली.

कोलाडच्या अलीकडे चहा आणि बटाटेवडे घेतले. वडे गरम, चटणी बेताची. त्या बाजूला स्वच्छतागृह बरं असलेलं हॉटेल दिसलं की लगेच थांबा, पुढच्यावर भरवसा ठेवू नका. म्हातारं माणूस बरोबर असेल तर चांगल्या चवीपेक्षा हे जास्त महत्त्वाचं आहे.

माणगावला वाहतूक नेहमीसारखीच ठप्प होती. त्यातून कशीबशी गाडी बाहेर काढली आणि रफिकभाईंनी ती हळूच बाजूला घेतली.

"मॅडम, आज जुम्मा आहे. नमाज पडून येतो. बस, अर्धा घंटा."

मी घड्याळाकडे पाहिलं. मागून आई म्हणाली, "जा बाबा, सावकाश जा. देवाकडे घाई नसते."

देवाकडे नव्हती, मला होती. गाडीत बसून मी मोबाईलवर सूर्यास्ताची वेळ पाहिली आणि फोन उलटा ठेवला. अर्ध्या तासाचा तास झाला, कारण मशिदीबाहेर रफिकभाईंना त्यांच्या मावशीचे दीर भेटले.

माणगाव सोडून म्हसळ्याच्या रस्त्याला लागलं की मात्र गर्दी एकदम मागे राहते. वळणं, चढ, मोहोर धरलेले आंबे, मधूनच खाडीचा चकाकणारा तुकडा. रस्ता अरुंद पण बरा आहे. समोरून एसटी आली की आपणच मागे घ्यायची गाडी, एसटी घेत नाही. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण ते आमच्या आडनावात आहे. आडनाव ठाऊक असलेल्यांनी कृपया गप्प राहावं. एक किनारा तरी शांत राहू दे.

गावात हॉटेल नाही. चांगुणाबाई म्हणून एक कोळीण आहेत. आधी फोन केला तर त्या घरीच जेवण करतात आणि ओटीवरची एक खोली राहायला देतात. आम्ही पोचलो तेव्हा दुपार कलायला लागली होती. चांगुणाबाई पदर खोचून दारातच उभ्या.

"किती वखत झाला! कोलंबी सोलून ठेवलीय कवाची. बसा, रस्सा टाकते."

"आम्हाला कोलंबी चालत नाही हो," आई म्हणाली. "खवले असलेलीच मासळी लागते. नसेल तर नुसता भात-आमटी चालेल."

चांगुणाबाईंनी आईकडे नीट निरखून पाहिलं. "तुमी तेली काय? शनवार तेली?"

आमच्या लोकांना कोकणात हेच नाव होतं. घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून शनवार तेली. पुस्तकात वाचलं होतं मी. कुणाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. आई हसली. तिला असं हसताना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

"हो, तेलीच."

"मंग आसं सांगा ना! माजा सासरा सांगायचा. शनवारी घाना नाय फिरायचा म्हनून गाव शुक्रवारीच तेल भरून ठेवी. तेली आळी आजून हाय. तेली नाय ऱ्हायले." मग कोलंबी बाजूला ठेवून त्यांनी शेजारणीकडून सुरमई आणली आणि नारळाच्या रसात कालवण केलं. तांदळाची भाकरी, कालवण, भात, सोलकढी, आणि बिल पनवेलच्या साध्या थाळीपेक्षा कमी. त्या कालवणासाठी मी पुन्हा माणगावची वाहतूक सहन करीन.

जेवून तेली आळी बघायला गेलो. आळी म्हणजे एक वळण. एका बाजूला मोबाईलचा टॉवर, दुसऱ्या बाजूला पुण्याच्या कुणाचा तरी बंद बंगला, मध्ये कोंबड्या. आई काठी टेकून उभी राहिली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"इथेच असेल घर. की पलीकडे? नाही गं, मला काहीच आठवत नाही." आणि वळली.

दोन वर्षं ज्याच्यासाठी थांबलो ते एवढ्यात संपलं. मला काय वाटलं ते खरं सांगते: राग आला. एवढा खर्च, एवढी खटपट आणि हे!

"किनारा बघू," आई म्हणाली. "तो तरी असेल."

किनारा गावातून दिसत नाही. शाळेच्या मागून पायवाट उतरते. आधी करवंदीच्या जाळ्या, मग काळा कातळ. धडधाकट माणसाला दहा-पंधरा मिनिटं पुरावीत. आईला घेऊन आम्ही किती वेळ उतरत होतो कोण जाणे. पुढे रफिकभाई, मागे मी, मध्ये आई, आणि प्रत्येक पावलावर "हळू, हळू." कातळाला कालवं चिकटलेली असतात, त्यांची धार ब्लेडसारखी. चप्पल नको, बूट घाला. मग एका खडकाला वळसा घातला आणि समोर वाळू आली.

फोटो टाकलेत, पण फोटोत त्याचा आकार येत नाही. दोन्ही बाजूंनी काळे, दातेरी खडक समुद्रात घुसलेले, लाटा त्यांच्यावर आपटून वर उडणाऱ्या, आणि मध्ये एवढीशी मऊ, फिकट वाळू, घराच्या अंगणाएवढी म्हणा. वरच्या बाजूला दोन होड्या उपड्या टाकलेल्या. माणूस एकही नाही. खेकड्यांनी वाळूच्या बारीक गोळ्यांची रांगोळी घातलेली. हे सगळं खरं, आणि भरतीच्या रेषेवर प्लॅस्टिकच्या बाटल्या, थर्माकोलचे तुकडे आणि असंख्य एकेकट्या चपला पडलेल्या, हेही खरं. पाण्यात पोहू नका, खडक आतपर्यंत गेलेले आहेत. पाण्याची बाटली आणि खाणं बरोबर न्या, आणि कचरा परत आणा.

आई एका खडकावर बसली. सूर्य बराच खाली आला होता.

"निघूया," मी म्हणाले.

"कुठे?"

"घरी. आत्ता निघालो तर रात्रीच्या जेवणाला पोचू."

आईने सूर्याकडे बोट केलं. "हा पेणच्या आधीच बुडेल. मी गाडीत बसणार नाही."

"आई, एकदा. आयुष्यात एकदा. उद्या माझी बँक आहे."

"तू जा. मी चांगुणाबाईंकडे राहते. परवा न्यायला ये."

"परवा न्यायला ये! आई, मी दमलेय. तुला कळत नाही का, मी दमलेय!" माझा आवाज खडकांवर आपटून परत आला. रफिकभाई मोठ्या सौजन्याने समुद्र बघत होते.

आईला ते खाला, म्हणजे मावशी म्हणतात. चढून वर आल्यावर तेच मला म्हणाले, "मॅडम, खाला गाडीत बसणार नाय. माझी अम्मी असती ना, तर मी पण नसतं बसवलं. राहूया." त्यांची शनिवारी विमानतळाची फेरी होती. ती त्यांनी फोन करून चुलतभावाला देऊन टाकली. फोनला रेंज फक्त देवळाच्या ओट्यावर येते. तिथे उभं राहून मीही साहेबांना मेसेज केला की उद्या येऊ शकत नाही. उत्तराची वाट न बघता उतरले.

खोलीत आईने पिशवी उघडली आणि दोन मेणबत्त्या काढल्या. मग एक बाटली. काळ्या मनुका भिजवून केलेलं सरबत. शुक्रवारी रात्री आम्ही याच्यावर आशीर्वाद म्हणतो.

"म्हणजे तू तयारीनेच आली होतीस!"

"तू म्हणालीस जमेल," आई म्हणाली. "मी म्हटलं, असू द्यावं बरोबर."

तिने मेणबत्त्या लावल्या, डोळ्यांवर हात धरले. चांगुणाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "आमच्याकडं दिवा लावतात तसंच की," म्हणाल्या, आणि आत जाऊन त्यांनी आपला दिवा लावला.

शनिवारी सकाळी करायला काहीच नव्हतं. हे वाक्य लिहून मी पुन्हा वाचलं. मला आठवत नाही असा दिवस शेवटचा कधी आला होता. गोळ्या दिल्या, भाकरी-चहा झाला, आणि आई म्हणाली पुन्हा किनाऱ्यावर जाऊ. रफिकभाईंनी चांगुणाबाईंची प्लॅस्टिकची खुर्ची, एक चटई आणि गाडीतली छत्री खाली नेऊन ठेवली आणि स्वतः गावात गेले. मी आईला खडकाच्या सावलीत बसवलं, शेजारी चटई अंथरली आणि पाच मिनिटं पाठ टेकते म्हणून आडवी झाले.

जागी झाले तेव्हा कुठे आहे तेच कळेना. डोक्यावर काळं कापड. मग लक्षात आलं, ती छत्री आहे. खडकाची सावली केव्हाच सरकून गेली होती. सूर्य माथ्यावरून पलीकडे गेलेला. आई खुर्ची ओढून माझ्या उशाशी बसली होती आणि दोन्ही हातांनी छत्री माझ्या तोंडावर धरून होती. ती स्वतः उन्हात. चेहरा लालबुंद झालेला.

मी धडपडत उठले. "आई! उठवलं का नाहीस?"

"शब्बाथच्या दिवशी झोपलेल्याला उठवू नये."

"हा कुठला नियम?"

"आत्ताच केला."

तेव्हा मला ते आठवलं. आमच्या घरी शनिवारी छत्री उघडत नाहीत. छत्री उघडणं म्हणजे तंबू ठोकणं, आणि ते काम झालं, असं आईचे वडील सांगायचे. लहानपणी पावसाळ्यातल्या शनिवारी आम्ही दोघं बहीणभाऊ आईच्या मागून भिजत सिनेगॉगला जायचो, लोक आडोशाला उभं राहून आमच्याकडे बघायचे. आदल्या संध्याकाळी माझ्या हातापाया पडण्यानेही जी गाडीत बसली नाही, तिने आज छत्री उघडली होती. छत्री तिच्या हातातून घ्यायला गेले तर बोटं सुटेनात, इतकी आखडली होती. मी ती एकेक करून चोळली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही, तिथे बघायला होतंच कोण.

"पाणी पी," आई म्हणाली. "तोंड सुकलंय तुझं."

संध्याकाळी चांगुणाबाईंच्या अंगणात आम्ही सगळे आकाशाकडे बघत बसलो. तीन चांदण्या दिसल्याशिवाय शब्बाथ सुटत नाही. "ती बघा येक," चांगुणाबाई ओरडल्या. "ती इमान हाय," रफिकभाईंनी त्यांच्याच सुरात सांगितलं आणि आई पोट धरून हसली. विमान निघून गेलं, चांदण्या आल्या, आणि आम्ही निघालो. जेवण, खोली आणि रफिकभाईंचं झोपणं धरून चांगुणाबाईंनी जे सांगितलं त्यापेक्षा थोडं जास्तच दिलं, तर त्यांनी त्या जास्तीची सुकी मासळी बांधून दिली. खवल्यांची. परतीचा रस्ता रिकामा होता. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून आई पळस्प्यापर्यंत झोपली.

रविवारी सकाळी दानीचा फोन आला. मी स्वयंपाकघरात डाळ धूत होते. आई फोन नेहमी स्पीकरवर ठेवते, त्यामुळे आमच्या घरात कुणाचं काही गुपित राहत नाही.

"मग आई, पाहिलंस गाव?"

"पाहिलं. काही ओळखीचं नाही राहिलं रे."

"आणि किनारा? समुद्र कसा वाटला?"

"समुद्र बघायचा राहिलाच," आई म्हणाली. "दिवसभर रूथकडेच बघत बसले. तोंड उघडं टाकून झोपली होती, लहानपणी झोपायची तशी. उन्हात आली तरी हलेना." तिने फोन जरा जवळ ओढला. "दानी, तू माझं तिकीट काढ."

हे ऐकायला मी दोन वर्षं थांबले होते. आता उठायला लागणार नाही, थेंब घालायला लागणार नाहीत, शुक्रवारी धावत घरी यायला लागणार नाही. हात डाळीच्या पाण्यात तसेच राहिले. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं ते एवढंच, की तिने गाव बघून ठरवलं नाही, मला बघून ठरवलं.

हात पुसत बाहेर आले. फोनकडे वाकून म्हणाले, "दानी, पावसाळ्याच्या तोंडावरचं काढ. त्याआधी आम्हाला पुन्हा एकदा तिकडे जायचंय."

"पुन्हा कशाला?" आईने विचारलं.

"तुझा समुद्र राहिलाय ना बघायचा. या वेळी मी जागी बसते, तू निवांत बघ."

आईने माझा ओला हात आपल्या पदरात घेतला आणि पुसला.

"जागी तर तू इथे रोजच असतेस," ती म्हणाली. "तिथे झोप. मी बसते."